शंभरपैकी किती

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. आज स्वारी जाम खूश! दवाखाना तीन मजली आहे. मला दुसऱ्या मजल्यावर बसायला दिलंय: एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या बेकरीची पाटी. माणसं जिथं जेवण सोडून येतात, त्या दवाखान्यासमोर बेकरी! ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, चला, तुझी सोय झाली. माझ्या पोटावरून बोलायची तिला जुनी खोड आहे. मी दुपारी दोन क्रीमरोल हाणले आणि मुद्दाम तिला फोटो पाठवला.

५ मार्च

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काम समजावलं. ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणंच टाकायचा आजार, झालेल्या माणसाला बरं व्हायचंच असतं असं नाही. आजारच त्याला आपला वाटायला लागतो. तर त्याला बदलायचं किती आहे, हे मी मोजायचं. प्रश्न ठरलेले आहेत. शंभरपैकी तुझा किती भाग बदलायला तयार आहे? किती नाही? आणि शेवटचा: जो तयार आहे, तो स्वतःसाठी की दुसऱ्या कुणासाठी? आकडा साठच्या वर गेला तर आतल्या वॉर्डात खाट, नाहीतर घर. खाटा चारच आहेत.

नियम म्हणजे विचारायचं, लिहायचं, गप्प बसायचं. समजूत नाही, शाबासकी नाही. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच! आणि नाही म्हणणाऱ्या भागाशी गप्पा तर मुळीच मारायच्या नाहीत, असं बाईंनी दोनदा बजावलं. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

८ मार्च

आज पहिली मुलगी. एकोणीस वर्षांची, भर उन्हात दोन स्वेटर घातलेली. प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न! ‘तयार’ म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा, म्हणाली. मी मनात तिचं नाव वकीलबाई ठेवलं. मला ती फार आवडली. आकडा मात्र दहा.

बाहेर बाकावर तिचे वडील बसले होते. घड्याळं दुरुस्त करतात. मी बाहेर आले तसे उठून उभे राहिले आणि किती मार्क पडले, असं विचारलं त्यांनी. माझा जीव तुटला. तिला अजून दोन संधी आहेत, शेवटची बावीस तारखेला. तेव्हाही जमलं नाही आणि ती घरी गेली, तर महिनाही काढणार नाही, असं बाई म्हणाल्या.

१५ मार्च

बारा. दोनच वाढले. मला राहवलं नाही. नियम गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि तिच्या त्या नाही म्हणणाऱ्या भागालाच सरळ विचारलं, की बाबा रे, तुला हवंय तरी काय?

वकीलबाईनं या वेळी वाद घातला नाही. स्वेटरची बाही बोटांवर ओढली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, राहायला जागा. मी थट्टेत म्हटलं, मग माझ्याकडे ये की, इथं ऐसपैस आहे! आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली. ती पहिल्यांदाच खळखळून हसली, मीही हसले.

ती गेल्यावर मी अर्धा तास तशीच बसून होते. समोर कुणी नव्हतं. तरी मी मान डोलावत होते, हे नंतर लक्षात आलं.

१९ मार्च

बेकरीच्या वासानं मळमळतं. पोटात कावळे ओरडतायत, पण घास तोंडापर्यंत नेला की कुणीतरी विचारतं, शंभरपैकी किती भाग तयार आहे? आवाज माझाच आहे, कामावरचा, अगदी अदबीचा. आणि मी घास खाली ठेवते. तीन दिवस हेच चाललंय. ताईला सांगितलं नाही.

२२ मार्च

नव्वद! वकीलबाई नव्वद म्हणाली! मी उठून तिला मिठीच मारली. शेवटचा प्रश्न राहिला होता. पण आता काय विचारायचं? ‘स्वतःसाठी’वर खूण केली आणि कागद धावत खाली नेला. खाट मिळाली. तिचे वडील माझे हात धरून रडले.

तिच्यातलं ते नाही म्हणणारं निघून माझ्याकडे आलं असेल, तर येऊ दे. मी धडधाकट आहे. मी बघून घेईन त्याला.

२७ मार्च

ताईनं फोनवर ओळखलं. आवाज का बारीक झालाय, म्हणाली. मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडून उत्तर गेलं — सर्दी. मला सर्दी नाही.

३० मार्च

वकीलबाई गेली. सकाळी, वॉर्डात. हृदय थांबलं.

वडील आले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, की ती सांगत होती, त्या प्रश्न विचारणाऱ्या मॅडम माझ्यासाठी किती तळमळतात, त्यांना बरं वाटावं म्हणून नव्वद म्हटलं. मग विचारलं, की खरा आकडा किती होता?

मी शेवटचा प्रश्न विचारलाच नाही. विचारला असता तर कळलं असतं. मी मारलं तिला.

आणि ते तिला सोडून गेलंच नव्हतं. मग माझ्याकडे — मी बोलावलं म्हणून — दोन्हीकडे —

२ एप्रिल

आज बाईंनी मला पलीकडच्या खुर्चीत बसवलं. तोच कागद. किती भाग तयार आहे? मला म्हणायचं होतं, मला वाचवा, मला आत घ्या. तोंड उघडलं. ऐकू आलं — पंचाण्णव. स्वतःसाठी.

तोच आवाज म्हणाला, खाट दुसऱ्या कुणाला द्या, मी घरीच बरी होईन. बाईंनी माझ्याकडे बघितलं. लिहिलं. गप्प बसल्या. नियमच आहे.

४ एप्रिल

उठवत नाही. हात तेवढा चालतो. तो ते का चालू देतंय, कळत नाही —

खाली रिक्षा थांबली. ताई! तिचीच पावलं. डबा आणला असणार. दार वाजतंय. ताई, थांब, मी आहे, मी आत — ओरडतेय पण आवाज —

आवाज दाराशी आहे. माझा. छान, खणखणीत. सांगतोय तिला, की आत्ताच जेवले गं, पोटभर, दार नको उघडायला, ताप आहे, तुलाही येईल. ताई हसली. खादाड कुठली, म्हणाली. आता ती पायऱ्या उत—