शिसपेन्सिलींचा डबा

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. हात थरथरतो तो शिशामुळे. डोके ठिकाणावर आहे. ते वेळेवर ठिकाणावर आले असते तर पाचवे कलम लिहावे लागले नसते.

१. राहते घर व मागचे अंगण मुलाला. तो आजोळी वाढला म्हणून धडधाकट राहिला. आता त्याला बायको आणि रांगती लेक घेऊन इथे राहायला यायचे आहे. "बाबा, पोरीला खेळायला अंगण मिळेल," असे तो म्हणतो. त्याच अंगणात वीस वर्षे माझी भट्टी होती. म्हणून अट अशी, की अंगणातली हातभर माती खणून न्यावी, नवी भरावी, आणि डॉक्टरीणबाईंनी ती माती तपासून घेऊन लेखी दिल्यावरच नातीचे पाऊल इथे पडावे. तोवर घराला कुलूप. मुलगा म्हणेल, म्हातारा चळला. म्हणू दे.

२. बँकेतली ठेव आधी या मातीसाठी वापरावी. उरेल ती थोरल्या मुलीची. तिने भावाकडे राहावे, आणि भावाने तिला कामवाली समजू नये.

३. कढई, पळी आणि साचे कोणालाही देऊ नयेत. पळी दिसायला चांगली आहे, कोणीतरी घासूनपुसून स्वयंपाकघरात नेईल. डॉक्टरीणबाई सांगतील तिथे पोचवावे.

४. माझे शिसे विकत घेणाऱ्या शेठला माझा दुधाचा पेला द्यावा. "रोज पेलाभर दूध प्या, शिसं अंगाला लागत नाही," असे तो आम्हाला सांगायचा. स्वतः मात्र नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलायचा. पेला रिकामाच द्यावा.

५. थोरली आता तेहतीस वर्षांची आहे आणि अजून बोटांवर बेरीज करते. लहानपणी तिचे पोट सतत दुखे, पाढे डोक्यात राहत नसत. मी तिला मठ्ठ म्हणायचो, मारायचोही. सात वर्षांची असताना डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि तिच्या आईला सांगितले, रक्तात शिसे आहे. मला हसूच आले. "रोज शिसं हाताळतो मी, आणि चढलं हिच्या रक्तात?" तेवढ्यात पोर कोपऱ्यात शिसपेन्सिल चावत बसलेली दिसली. "सापडला चोर!" मी ओरडलो.

घरातल्या सगळ्या शिसपेन्सिली गोळा करून मी पत्र्याच्या डब्यात कुलपात घातल्या. "बाबा, चावणार नाही, नुसतं लिहीन," ती रडत म्हणाली. मी ऐकले नाही. शाळेत पुन्हा पेन्सिल मिळेल म्हणून शाळाही सोडवली आणि तिला डोळ्यांसमोर, भट्टीपाशी बसवले.

तिला लिहायची फार हौस. बोट तोंडात ओले करायची आणि फरशीवरच्या करड्या धुळीत अक्षरे काढायची, पुन्हा बोट तोंडात. अशी तीन वर्षे. मी कौतुकाने म्हणायचो, "बघ, पेन्सिलीवाचून काही अडलं का?"

मग एकदा डॉक्टरीणबाई स्वतःच घरी आल्या. मी तो डबा अभिमानाने दाखवला. त्या डब्याकडे बघत राहिल्या, मग पोरीच्या बोटाकडे. म्हणाल्या, "अहो, शिसपेन्सिलीत शिसं नसतं. नुसतं नाव आहे ते." भट्टी त्याच दिवशी विझवली. थोरलीचे जे जायचे ते गेले होते.

तिच्या आईने मरेपर्यंत मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. मठ्ठ हा शब्द मी परत घेतो. तो माझा होता.

डबा माझ्या खाटेखाली आहे. आत अकरा शिसपेन्सिली आहेत, तिच्या दातांच्या खुणांसकट. परत द्यायचे धाडस मला झाले नाही. मी गेल्यावर मुलाने कुलूप तोडावे आणि डबा थोरलीच्या हातात द्यावा. तिला चावाव्याशा वाटल्या तर कोणीही अडवू नये.

सही (वाकडीतिकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी २. डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. अंगणाचे दार बंद.
दिनांक: अकरा फेब्रुवारी