बाबांच्या डबीचं झाकण

पिंपरी
सोमवार, ९ जाने. १९५६

परगावच्या दवाखान्याचं पत्र आलं. नर्सिंगला घेतलं आहे. मार्चच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं, होकाराचं कार्ड जानेवारी संपायच्या आत टपालात टाकायचं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना विचारू." मला वाटलं, दादाला. दादा कारखान्यातून आला, त्याने पत्र बघितलं आणि म्हणाला, जा की. आईने पत्र परत घडी केलं.

तिला बाबांना विचारायचं होतं. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील.

मंगळवार, १०

शेजारच्या सुलभाताई दुपारी पाट घेऊन आल्या. पाटावर खडूने गोल अक्षरं. मधे वाटी उपडी ठेवायची, दोघींनी बोट टेकवायचं, की ती अक्षराअक्षराकडे सरकते आणि मेलेलं माणूस बोलतं म्हणे. सु.ता. याला शास्त्र म्हणतात. आमच्या घरात शास्त्र म्हणजे एकच होतं, पवित्र शास्त्र, बायबल.

मी स्वयंपाकघरात पीठ मळत राहिले. न ऐकण्यासाठी परात मुद्दाम वाजवली, तरी कान तिकडेच. ऐकणं हेही पाप का? रात्रीच्या प्रार्थनेत कबूल केलं.

आईने आधी प्रार्थना केली. येशूच्या नावाने, मोठ्याने, आणि मग बोट टेकवलं. असं आमच्याखेरीज कोण करील!

गुरुवार, १२

आज वाटी नव्हती. सु.ता. म्हणाल्या, गेलेल्या माणसाच्या हातची वस्तू असली की ते लवकर येतात. आईने कपाटातून बाबांची वचनांची डबी काढली आणि तिचं पितळी झाकण पाटावर ठेवलं.

ती डबी! बाबांनी बायबलमधलं एकेक वचन स्वतःच्या अक्षरात लिहून तिच्यात चिठ्ठ्या घातल्या होत्या. दर नव्या वर्षी आम्ही डोळे मिटून एकेक उचलायचो, वर्षभरासाठी. मी शाळेत जाण्याआधी वाचायला शिकले ते याच चिठ्ठ्यांवर, बाबांच्या मांडीवर.

झाकण सरकलं. आईने सांगितलं, बाबा म्हणाले, मनूला पाठवू नकोस.

मी बाहेर येऊन म्हणाले, हे बाबा नाहीत. सु.ता. हसून म्हणाल्या, "मग कोण गं, मनोरमा? तूच सांग." मी परत आत गेले. त्या ढोंग करत असतील तर आईला फसवतात. नसतील, तर त्याहून वाईट. बाबा सांगायचे की मेलेली माणसं देवाच्या हाती असतात, त्या दारावर आपण थाप मारायची नाही. तेच बाबा आता दुपारच्या चहाला झाकणावर येतात?

शनिवार, १४

संक्रांत. सु.ता. तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोला म्हणाल्या. मी घेतला, खाल्ला, हसलेसुद्धा. मनात शिव्या होत्या. खाणं चूक की हसणं चूक, ठरेना.

सोमवार, १६

गावातून दूध घालणाऱ्या गंगूबाईंनी उघड्या दारातून पाट पाहिला. "आमी बी कौल लावतो देवाला," म्हणाल्या. "फूल उजवं पडलं तर पोरगी द्यायची, डावं पडलं तर न्हाई. तुमच्यात झाकनावर भागतं व्हय? बरं हाय, फुलं आनाय नकोत."

मी म्हणाले, आमच्यात असलं काही नसतं. त्यांनी पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माप जरा जास्तच ओतलं.

खोटं बोलले. तेही देवाच्या बाजूने.

गुरुवार, १९

आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांना निरोप मीच धाडला होता. खडकीहून सायकलने आले. आईला वाटलं, सहज आले. सलाम केला, चहा ठेवला. मग त्यांनी पाट मागितला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की...

साहेब कडक बोलले. अंधाराची कामं, चेटूक, मंडळीला कलंक. मला बरं वाटत होतं. सु.ता. भिंतीपलीकडे ऐकत असतील तर ऐकू देत, असंही.

आई शांतपणे म्हणाली, "साहेब, नव्या वर्षी देवळात तुम्हीच वचनांच्या चिठ्ठ्यांची थाळी फिरवली. मी डोळे मिटून हात घातला. तेव्हा माझा हात कोणी नेला?"

"देवाने."

"आणि झाकणावरचा?"

"सैतानाने."

"हात तर माझाच आहे, साहेब. मला दोन्ही वेळा सारखाच वाटला."

साहेबांनी चहा संपवला. पाट मोडेपर्यंत आईला देवळात प्रभुभोजनाची भाकर नाही की प्याला नाही, असं सांगून गेले. आईने संध्याकाळी माझ्या पुढ्यात ताट आपटलं. तिचा मला राग आला, आणि साहेबांचाही. त्यांनी उत्तर द्यायला हवं होतं. फरक आहे. असलाच पाहिजे.

शनिवार, २१

फरक लिहून काढायला बसले. वचन आधीच लिहिलेलं असतं, आपल्या इच्छेने बदलत नाही. झाकण मात्र बसलेल्यांना हवं तेच बोलतं. आईला मी इथेच हवी आहे. इतकं सोपं आहे हे.

मग आठवलं. एका नव्या वर्षी बाबांनी चिठ्ठी उघडली, वाचली, घडी करून परत डबीत टाकली. "ही माझी नव्हे," म्हणाले, आणि दुसरी काढली. आम्ही किती हसलो होतो.

पुढे लिहवेना.

बुधवार, २५

आईला म्हणाले, सु.ता. नकोत. तू आणि मी बसू, मग बघू. हे बरोबर नव्हतं, माहीत होतं. पण तिला एकदा दाखवायचंच होतं.

दोघींनी बोटं टेकवली. तिने प्रार्थना केली, मी आमेन म्हटलं नाही. चूल विझत आली तरी झाकण जागचं हललं नाही. मी म्हणाले, बघितलंस?

"तू बसलीस म्हणून आले नाहीत," आई म्हणाली. "तुझ्यावर रागावले असतील. साहेबांना बोलावलंस ना."

बाबा माझ्यावर कधी रागावले नव्हते. तरी रात्रभर तेच डोक्यात. मी हे मानत नाही. मग डोळ्यांत पाणी का यावं?

सोमवार, ३०

आईने आज स्वतःच पाट पुसला आणि सुलभाताईंकडे देऊन आली. मला वाटलं, जिंकले. मग तिने डबी आणून माझ्यासमोर उघडली.

"मी त्यांना विचारणार नाही. तू देवाला विचार. जा म्हणाला तर जा, मी अडवणार नाही. उचल."

डोळे मिटले. बोटांना कागद लागले. तेवढ्यात कळलं, जा असं निघालं तर मी चिठ्ठी पदराला बांधीन. थांब असं निघालं तर घडी करून परत टाकीन, ही माझी नव्हे म्हणून. हात बाहेर काढला.

"का गं?"

"मला विचारायचं नाही."

"मग कोणाला विचारून जाणार आहेस, मनू?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. देवाला, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

उद्या दादा सकाळच्या शिफ्टला जाताना टपाल टाकील. कार्ड समोर आहे. पत्ता लिहिला, बाकी कोरं. डबी उघडीच आहे. झाकण आईच्या मुठीत, तिथेच कॉटवर तिचा डोळा लागला आहे.