सुनंदानं बसवलेलं जेट

रविवार, संध्याकाळी सात

आज गाडी सुरू झाली. माझ्या हातून नाही, बायकोच्या, सुनंदाच्या.

अर्धांगवायूनंतर माझ्या उजव्या हाताची बोटं ऐकत नाहीत. म्हणून माझी ही इटालियन मोटारसायकल विकायची ठरवली. उद्या वैजापूरचा एक जण न्यायला येणार होता. चालू गाडी द्यावी म्हणून कार्बोरेटर साफ करायला बसलो, तर पेट्रोल मोजून सोडणारं ते इवलंसं पितळी जेट तीनदा बोटांतून निसटलं. तिसऱ्यांदा रडूच आलं मला.

सुनंदानं बांगड्या काढून ठेवल्या नि शेजारी बसली. "सांगा, कुठं बसवायचं?"

मी सांगत गेलो, ती करत गेली. जेट तर पहिल्याच खेपेला नीट बसलं. ही कुठं शिकली?

"वीस वर्षं बघतेच आहे की," म्हणाली. आणि मी समजत होतो, हिला या गाडीचा राग आहे!

किक शेजारच्या सलीमभाईंनी मारली. इंजिन धडधडलं.

"आता उद्या बिनघोर देता येईल," मी म्हणालो.

"कुणाला? त्याला मी सकाळीच नाही म्हणून कळवलं."

मला न विचारता! रागवायला हवं होतं. मी नुसता तिचा तेलकट हात धरून बसलो, सलीमभाईंसमोरच.