वैयक्तिक कारणास्तव मैदान सोडलेल्या खेळाडूबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
आंतरविभागीय महिला बास्केटबॉल स्पर्धा समिती,
क्रीडा कार्यालय, पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय: ‘सर्वात मौल्यवान खेळाडू’ या पुरस्कारासाठी रुग्णवाहिका संघातील जर्सी क्रमांक नऊच्या खेळाडूची अठरावी उपस्थिती ग्राह्य धरण्याबाबत.

संदर्भ: १) माझा दि. ५ मार्चचा अर्ज. २) आपले दि. ११ मार्चचे उत्तर, जा. क्र. पुरस्कार/११७.

महोदय,

१. मी घड्याळ दुरुस्तीचा व्यवसाय करतो आणि गेली एकोणीस वर्षे आपल्या स्पर्धेत गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो. माझ्या पहिल्या अर्जाला आपण अवघ्या सहा दिवसांत उत्तर दिलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. आपल्या कार्यालयाचा वेग मला ठाऊक असल्याने पाकीट पाहून मला क्षणभर दुसऱ्याच कुणाचे पत्र आले असे वाटले.

२. आपल्या उत्तरात असे म्हटले आहे की, नियम ११ (ब) नुसार पुरस्कारासाठी खेळाडूची चोवीसपैकी किमान अठरा सामन्यांना उपस्थिती लागते, जर्सी क्रमांक नऊची उपस्थिती सतरा भरते, आणि दि. ९ जानेवारीच्या सामन्यात ‘सदर खेळाडू सामना सुरू होण्यापूर्वी वैयक्तिक कारणास्तव मैदान सोडून गेल्याचे निदर्शनास आले’. सबब तिचे नाव विचारातच घेतले गेले नाही.

३. महोदय, ते वैयक्तिक कारण म्हणजे आपण.

४. त्या वेळी आपले डोळे मिटलेले असल्याने काही बाबी आपल्या निदर्शनास येणे शक्य नव्हते, हे मी समजू शकतो. त्या केवळ माहितीस्तव सादर करतो. वेळा माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या आहेत आणि ते मी स्वतः दुरुस्त केलेले आहे.

सामना रुग्णवाहिका संघ विरुद्ध वीज संघ असा होता, साडेपाचचा. जर्सी क्रमांक नऊ, जिला सगळे मैदान ‘शिडी’ म्हणून ओळखते, पाच वाजता पाळी संपवून थेट आली. तिची रुग्णवाहिका फाटकाजवळ उभी होती, कारण पुढच्या पाळीचा चालक तिथूनच ती ताब्यात घेणार होता. पाच वाजून वीस मिनिटांनी शिडीने माझ्या टेबलावर निळ्या शाईने सही केली. पाच बावीसला ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की, फाटकाजवळची रुग्णवाहिका ताबडतोब हलवावी, प्रमुख पाहुण्यांच्या गाडीला अडथळा होत आहे. प्रमुख पाहुणे आपणच होतात.

पाच चोवीसला आपण पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवरून हळूहळू खाली घसरलात. शेजारच्या पाहुण्यांना वाटले, आपण काही पडलेले उचलत आहात. आपले स्वीय सहायक ‘साहेब, साहेब’ म्हणत कार्यक्रमपत्रिकेने वारा घालू लागले. कुणी पाणी आणायला धावले, कुणी पाण्याला नको म्हणाले. एकाने आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. का, ते त्यालाही सांगता आले नाही. मीसुद्धा उभा राहून फक्त घड्याळाकडे पाहत होतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. एकोणीस वर्षांची सवय.

शिडी त्या वेळी दूरच्या बास्केटखाली सराव करत होती. तिने हातातला चेंडू तसाच सोडला आणि लांब टांगा टाकत आली. स्वीय सहायकांना तिने काखांखाली धरून बाजूला ठेवले, खुर्ची ठेवतात तसे. आपल्या गळ्यावर दोन बोटे ठेवली, आपला शर्ट फाडला आणि छाती दाबायला सुरुवात केली. मोठ्याने आकडे मोजत होती. प्रेक्षकांतून टपाल संघाची खेळाडू, जिला आपण सर्व ‘चष्मा’ म्हणतो, खाली आली. तिचा त्या दिवशी सामना नव्हता. शिडी मान वर न करता म्हणाली, “मी थकले की तू. हात सरळ ठेव, कोपर वाकवायचं नाही.” या दोघी स्पर्धेत एकमेकींशी धड बोलतसुद्धा नाहीत, हे आपणांस माहीत असेलच.

पाच सव्वीसला चष्मा आपली छाती दाबत होती. पाच अठ्ठावीसला आपण खोकलात. तेव्हा पंचांनी शिट्टी वाजवली. ती आपल्यासाठी नव्हती, खेळाडूंनी रांगेत उभे राहावे म्हणून होती. शिडी त्यांना म्हणाली, “सर, सामना थांबवा पाच मिनिटं.” पंच म्हणाले की, सामना थांबवण्याचा अधिकार फक्त समितीच्या सचिवांना आहे. त्या क्षणी सचिवांना स्ट्रेचरवर चढवत होते.

५. शिडीने आपल्याला अकरा मिनिटांत रुग्णालयात पोहोचवले. मागे चष्मा आपले मनगट धरून बसली होती. सामना वेळेवर, म्हणजे साडेपाचलाच सुरू झाला, याची आपल्या कार्यालयाने विशेष नोंद घेतलेली मी वाचली आहे. रुग्णवाहिका संघाने राखीव खेळाडू उतरवली. मुली जिवावर उदार होऊन खेळल्या आणि ५८–६१ असा सामना गेला.

सात वाजून दहा मिनिटांनी शिडी परत आली. मैदानात झाडू मारणाऱ्या बाई आणि मी, एवढेच होतो. तिने विचारले, “किती?” मी म्हणालो, “तीनने गेला.” ती बाकावर बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, मग पुन्हा बांधल्या. मी विचारले, “साहेब कसे आहेत?” ती म्हणाली, “शुद्धीवर आलेत. पाहुण्यांचा सत्कार झाला का म्हणून विचारत होते.”

६. आता मुद्द्यावर येतो. नियम ११ (ब) मध्ये शब्द ‘उपस्थिती’ असा आहे, ‘खेळ’ असा नाही. उपस्थिती म्हणजे काय, हे नियम ४ मध्ये आपणच लिहिले आहे: ‘सामन्यापूर्वी गुणलेखकाच्या टेबलावर केलेली सही’. त्याच नियमाने आपल्या पुतणीला पाणीपुरवठा संघाकडून चोवीसपैकी चोवीस उपस्थिती मिळाली आहे. तिने सर्व सामने राखीव बाकावर अतिशय शिस्तीने बसून काढले, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शिडीची सही मात्र माझ्या गुणपत्रकावर आपल्या कार्यालयाने तांबड्या शाईने खोडली आहे. एकोणीस वर्षांत माझ्या कागदावर दुसऱ्याची शाई पडण्याची ही पहिली वेळ आहे. सही खोडली म्हणून माणूस आला नव्हता असे होत असेल, तर आपण त्या दिवशी पडलाच नव्हतात असेही ठरवता येईल.

७. माझ्या पहिल्या अर्जाचा आणखी एक परिणाम झाला, तो मला अपेक्षित नव्हता. आपल्या कार्यालयाने चौकशी केली की, पाच वाजता पाळी संपलेल्या चालकाने साडेपाचला शासकीय वाहन कोणाच्या परवानगीने चालवले. त्यावरून तिच्या विभागाने तिला नोटीस दिली आहे. नोटिशीत तीन आक्षेप आहेत: कामाच्या वेळेबाहेर वाहन नेणे, खेळाच्या पोशाखात वाहन चालवणे आणि रुग्णाच्या दोन बरगड्यांना इजा. तिसऱ्या आक्षेपाबाबत एवढेच लिहितो की, बरगड्या शाबूत ठेवून आपल्याला घरी पाठवायचे दुसरे काही मार्ग उपलब्ध होते, पण त्यात फुलांचा खर्च होता.

थोडक्यात, ती कामावर होती म्हणावे तर सामन्याला गैरहजर. सामन्याला हजर होती म्हणावे तर वाहन चोरले. या दोन्हींतून सुटायचा तिच्यापाशी एकच मार्ग होता, तो म्हणजे दूरच्या बास्केटखाली सराव चालू ठेवणे.

अर्ज मी केला आणि नोटीस तिला आली. मी तिच्या विभागाच्या गॅरेजवर जाऊन माफी मागितली. ती गाडीखाली होती. तिथूनच म्हणाली, “काका, तुम्ही लिहायचं थांबवू नका हां. आता थांबलात तर त्यांना वाटेल खरंच माझं काहीतरी चुकलं होतं.” म्हणून हा दुसरा अर्ज.

८. आपण विचाराल की, मग ती पुरस्काराला पात्र आहे का. महोदय, मला माहीत नाही.

हे मी उपरोधाने लिहीत नाही. शिडीने सतरा सामन्यांत ४०२ गुण केले आणि हुकून उसळलेले २११ चेंडू (रिबाउंड) पकडले. तिच्याइतकी उडी या स्पर्धेत मी कुणाची पाहिली नाही. पण तिचे शहाण्णव फ्री थ्रोंपैकी एक्केचाळीसच आत गेले. ती चेंडू लवकर सोडत नाही. पंचांशी चार वेळा हुज्जत घातली, त्यातल्या तीन वेळा पंचांचे बरोबर होते. चष्माने चोवीसही सामने खेळून ४३१ गुण केले आणि तिने दिलेल्या चेंडूंवर सहकाऱ्यांनी १६८ बास्केट केल्या. टपाल संघातल्या इतर मुली एरवी बास्केट कोणत्या बाजूला आहे हेही विसरतात. त्यांना तिने उपांत्य फेरीत नेले. माझ्या दुकानासमोरचा न्हावी शिडीच्या बाजूचा आहे, माझी पत्नी चष्माच्या. या विषयावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. मी स्वतः सोमवारी एकीच्या बाजूने असतो, गुरुवारी दुसरीच्या.

असा वाद घालण्यासाठीच पुरस्कार असतात, अशी माझी समजूत आहे. शिडी हरली तर खेळात हरावी. तांबड्या शाईने हरू नये.

९. आपण पुरस्कार चष्माला जाहीर केलात. ती टपाल कार्यालयात खिडकीवर बसते. तिने दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे नकाराचे पत्र दिले. ते ‘नकारासाठी विहित नमुना उपलब्ध नाही’ असा शेरा मारून परत आले, आणि शेरा मारलेले पाकीट तिच्याच खिडकीवर आले. ती माझ्या दुकानात आली, पाकीट काचेवर ठेवले आणि म्हणाली, “काका, मला हा पुरस्कार हवा होता हो. तीन वर्षं वाट बघतेय. पण त्या दिवशी मी त्यांचं मनगट धरलं होतं आणि गाडी ती चालवत होती. माझी नाडी त्यांच्यापेक्षा जास्त उडत होती. आणि ती पुढून विचारत होती, ‘आहे का? आहे का?’ तिला विचारातच न घेता मला दिला, तर तो घरी कुठे ठेवू?”

मी तिच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू घट्ट करून दिला.

१०. सबब, नम्र विनंती अशी की:

(अ) दि. ९ जानेवारीच्या गुणपत्रकावरील खोडलेली सही पूर्ववत धरावी आणि दोघींच्या नावांवर समितीने नव्याने, खेळ पाहून, मतदान करावे. निकाल काहीही लागो, मी एक शब्द लिहिणार नाही. पत्नीही लिहिणार नाही, असे तिने कबूल केले आहे.

(आ) शिडीच्या विभागाला आपण स्वतःच्या सहीने कळवावे की, तिने वाहन कोणासाठी नेले. परवानगी कोणाची घेतली, असा प्रश्न आलाच, तर रुग्णाची संमती आपण आताही देऊ शकता. उशीर झाला तरी ती चालेल, असे मी एका वकिलाला विचारून घेतले आहे.

(इ) हे दोन्ही शक्य नसल्यास मंजूर गुणलेखकांच्या यादीतून माझे नाव कमी करावे. ज्या टेबलावर केलेली सही टिकत नाही, त्या टेबलावर बसून सेकंद मोजण्यात मला स्वारस्य उरलेले नाही.

११. ता. क. म्हणून लिहायचे होते, पण विषयाशी संबंधित असल्याने इथेच लिहितो. दि. २२ मार्चच्या पुरस्कार समारंभाला, मा. सचिवांच्या प्रकृतीचा विचार करता, सभागृहाबाहेर एक रुग्णवाहिका सज्ज ठेवावी, असे पत्र आपल्या कार्यालयाने पाठवले आहे. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत शिडीला लांबच्या फेऱ्या देत नाहीत, त्यामुळे त्या संध्याकाळच्या पाळीवर तिचेच नाव लागले आहे. तिने गणवेशात यावे, गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवावे आणि समारंभ संपेपर्यंत आत येऊ नये, अशा लेखी सूचना आहेत.

हे ऐकून मला संताप आला. तिला विचारले, साहेबांना काही कळवायचे आहे का. तिने थोडा विचार केला आणि जे सांगितले ते जसेच्या तसे पोहोचवतो:

“डावीकडचं मोठं दार उघडं ठेवायला सांगा त्यांना. मागच्या वर्षी समारंभाला तिथे हारांचं टेबल लावलं होतं. स्ट्रेचर वळत नाही.”

योग्य त्या आदेशाची, आणि निदान त्या दाराची, वाट पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
गुणलेखक, मंजूर यादीतील क्रमांक तीन
दि. १४ मार्च

सोबत:
१) दि. ९ जानेवारीचे गुणपत्रक, निळ्या सहीसह व तांबड्या रेघेसह (छायाप्रत, मूळ प्रत मी सोडणार नाही).
२) रुग्णालयातील दाखल नोंदीची प्रत. ‘रुग्णास कोणी आणले’ या रकान्यात ‘नऊ नंबर’ असे लिहिले आहे.
३) टपाल संघाच्या खेळाडूचे नकारपत्र, आपल्या शेऱ्यासह.