दगड हवेत असताना

प्रिय आदू,

रागातच लिहितेय. वकील म्हणाले, तू गुन्हा कबूल करणार आहेस. दहावीत गणिताचा पेपर अर्धा सोडून उठलास, तसाच आता जन्मठेपेला निघालास.

टाकव्यात भात पिवळं पडलंय, कापायला कुणी नाही. आबांच्या हाताला टाके आहेत. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मनगटाचं हाड दिसत होतं. आपला चुलतभाऊ कैलास दरवर्षी नांगराने बांध कोरायचा. यंदा आबांनी अडवलं तर त्याने कोयता घातला. आबा तोंडावर पडले, तो त्यांच्या मानेवर पुन्हा कोयता उगारून आला, तू शेतातल्या माळ्यावरून पाखरं हाकायची गोफण सोडलीस आणि कैलास कानशील फुटून भातात कोसळला, जागीच गेला. कुणाच्या तरी मोबाइलमधल्या त्या व्हिडिओवरच पोलिसांनी तुला उचललं. तुलाही तेच खरं वाटतं.

लोणावळ्याच्या कॉलेजात मी फेकलेल्या वस्तूंचं गणितच शिकवते. व्हिडिओ थांबवत थांबवत मोजला. शेतात माणसं असली की आपल्याकडे गोफण उंच मारतात, तशीच तू सवयीने मारलीस. दगड जमिनीपासून तीन मीटरवर सुटला, वर जायचा वेग सेकंदाला एकवीस मीटर. म्हणजे उंची तीन अधिक एकवीस टी वजा पाच टी वर्ग. ती शून्य धरून वर्गसमीकरण सोडवलं. उणे उत्तर सोडून दिलं, दुसरं चार सेकंदांहून जास्त आलं. कैलास तर गोफण सुटल्यावर सेकंदाच्या आत पडतो. तेव्हा तुझा दगड अजून वर चढत होता, आदू. तो मागच्या खाचरात पडला असणार.

आईने पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात सांगितलं होतं, 'म्या घातला धोंडा, बांधावरचा. त्यो ह्यांची मान तोडीत हुता.' पोरासाठी खोटं बोलते म्हणून तिला हाकललं. ती भातात वाकलेली होती, व्हिडिओत दिसत नाही. मीही तिला वेडी म्हणाले. काल तिला माझं उत्तर सांगितलं, तर म्हणाली, 'मंग आता तरी खरं मानत्याल.' आणि भाकरी थापत राहिली.

आज मी तिला ठाण्यात घेऊन चाललेय. वकील म्हणतात, नवऱ्याचा जीव वाचवायला मारलं हे कोर्ट ऐकेल. पण आधी तिला आत जावं लागेल. तू कबूल केलंस तर ती वाचेल, हे मला कळतं. तरी तू कबूल करू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. घरी येशील तेव्हा दार आई नाही, मी उघडेन.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच,
कोमलताई