तिसरी चौकट

मंगळवार, ६ जून २००६

कालच्या पानावर एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं की वेबसाइट बनवायला मी माझी मी शिकले. ते पूर्ण खरं नाही. तरुणअण्णानं, म्हणजे माझ्या आत्याच्या मुलानं, त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आणून ठेवला, मासिकाबरोबर आलेली सीडी दिली, आणि कुठलंही पान उघडून त्याच्यामागचा कोड कसा बघायचा ते दाखवलं. पुढचं मी केलं. पण सुरुवात त्याची होती, आणि ते लिहायलाच हवं.

आणि आता आनंदाची गोष्ट पुन्हा एकदा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतं: मला काम मिळालं! शिकाऊ म्हणून, पण खऱ्या ऑफिसात. ऑफिस जॉर्ज टाउनमध्ये, बंदराजवळच्या व्यापारी पेठेत, कागदाच्या घाऊक दुकानाच्या वर आहे. शेजारी मिरच्यांचं गोदाम, त्यामुळे जिन्यातच शिंका येतात. इथल्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवायच्या. अण्णा इथंच कामाला आहे, त्यानंच माझ्यासाठी शब्द टाकला. मालक राजगोपाल सर. त्यांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. कुठं शिकलीस, एवढंच विचारलं. मला लाज वाटली, पण खरं ते सांगितलं: लहानपणी दमा होता, म्हणून शाळेत गेलेच नाही. बाबांनी घरी शिकवलं. मराठीसुद्धा त्यांनीच, आमचं घराणं कित्येक पिढ्या या तमिळ मुलखात असूनही, पुण्याहून टपालानं मागवलेल्या पुस्तकांवरून. परीक्षा बाहेरून दिल्या. मैत्रिणी नाहीत असंही बोलून गेले. सर खूश झाले. अण्णाला तमिळमध्ये म्हणाले, अशी मुलगी शोधून सापडत नाही.

अम्मानं आंबट वरण केलं. बाबा म्हणाले, पहिल्या दिवसापासून रोजनिशी ठेव, आणि खोटं लिहू नकोस.

शुक्रवार, ९ जून

ऑफिसात आम्ही चौघं. सर, अण्णा, मी आणि सौम्या. ती दोन वर्षं इथं आहे, सैदापेटहून येते, आणि दिवसभर तोंड चालू असतं. माझं नाव ऐकून म्हणाली, सरोजा? मला वाटलं पन्नाशीची मामी येणार, खुर्चीवर उशी टाकायची की काय! मी आजीचं नाव आहे असं गंभीरपणे सांगितलं, तर आणखीच हसली. तिला मराठी येत नाही, मला तमिळ लिहिता येत नाही, पण डब्यावर सगळं जमतं. माझी डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, तिनं एकटीनं संपवली.

कामाची इथली रीत वेगळी आहे. नवीन पान कधी करायचं नाही. जुन्या गिऱ्हाइकाचं पान उघडायचं, त्याच्या नावावर नव्याचं नाव टंकायचं, फोटोवर फोटो टाकायचा, सेव्ह करायचं. जुन्याची प्रत ठेवायची नाही. मी विचारलं, चुकलं तर? सौम्या म्हणाली, चुकायचं नाही, मामी.

बुधवार, २१ जून

आज पहिलं खरं काम मिळालं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘आमची माणसं’ असं एक पान आहे. त्यात तीन चौकटी. पहिली सरांची, दुसरी अण्णाची, तिसरी सौम्याची. प्रत्येकीत फोटो, शिक्षणाची एक ओळ आणि नाव. सरांनी मला त्या पानाचा पासवर्ड दिला. म्हणाले, तो नेहमी नव्या माणसाकडेच असतो. तिसऱ्या चौकटीत तुझा फोटो टाक.

मी म्हटलं, मी चौथी चौकट करू शकते, मला येतं. सर म्हणाले, तीनच. पहिल्यापासून तीनच आहेत. सौम्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात लागणार आहे, तिनं घरी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तिच्यापाशी विषय काढू नकोस.

दुसऱ्याचं गुपित. मी काढणार नाही. सौम्याच्या फोटोवर माझा फोटो टाकला. डोळे जरा मिटलेले आलेत.

शनिवार, २४ जून

सौम्यानं आज एक विचित्र गोष्ट सांगितली. कोपऱ्यावरचा चहावाला, ज्याच्याकडे ती रोज चहा पिते, त्यानं तिला विचारलं म्हणे, नवीन का या भागात? मग स्वतःच हसली, म्हणाली, पावडर लावली नाही ना आज.

सरांनी पुढचं सांगितलं आहे. आता शिक्षणाची ओळ. नाव सर्वांत शेवटी. मी विचारलं, एकदम का नाही? म्हणाले, हळूहळू केलं की चूक होत नाही.

बुधवार, २८ जून

काल तिची ओळ पुसून माझी लिहिली: ‘घरी शिक्षण, वडिलांकडे.’

आज सौम्याला बसमध्ये तिच्या कॉलेजच्या बाई भेटल्या. त्यांनी ओळखलं नाही. नुसतं विसरणं नव्हे. या नावाची मुलगी माझ्या वर्गात कधी नव्हती, असं म्हणाल्या. ती डबा न खाता बसून राहिली. मला वाटलं, नोकरी सोडण्याची काळजी असेल. बोलायचं होतं. पण शब्द दिला होता.

सोमवार, ३ जुलै

शुक्रवारी नाव टंकलं. सर मागं उभे होते.

आज सौम्या आली नाही. ते अपेक्षितच होतं. डब्याच्या वेळी मी अण्णाला म्हटलं, निरोप न घेता गेली, बरं नाही वाटलं. अण्णानं विचारलं, कोण?

मला वाटलं चेष्टा करतोय. तो असा चेष्टा करतो. पण खालच्या दुकानातल्या माणसालाही आठवत नाही. तिचा डबा माझ्या टेबलावर राहिला आहे. रविवारी नेऊन देईन.

रविवार, ९ जुलै

सैदापेटला जाऊन आले. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दार सौम्याच्या आईनं उघडलं. नाक, हनुवटी, सगळं तेच. मी म्हटलं, सौम्याचा डबा आणलाय. त्या म्हणाल्या, घर चुकलीस, मला दोन मुलगेच आहेत. चिडल्या नाहीत, उलट आत बोलावलं. म्हणाल्या, जेवून जा, या महिन्यात माझ्या हाताला काय झालंय कळत नाही, रोज एका माणसाचा भात जास्त होतो. डबा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. असाच आमच्याकडे एक होता, म्हणाल्या.

मी जेवले. मी तो भात टाकू शकले नाही.

बाबांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? की मी एक नाव टंकलं?

सोमवार, २४ जुलै

नवी मुलगी आली. नीलम. वडील रेल्वेत, नागपूरकडचे. बदल्यांमुळे शाळा सतत बदलली, म्हणून इथं तिची कोणी मैत्रीण नाही. कोड स्वतः शिकलेली. मराठी बोलायला मिळालं म्हणून इतकी खूश झाली की मला पहिल्याच दिवशी ताई म्हणू लागली. माझी मराठी जुन्या पुस्तकातल्यासारखी वाटते म्हणाली, जणू आजोबा बोलतायत.

अण्णानं तिला आणलं. सरांनी तिला पासवर्ड दिला. माझा चालत नाही आता.

मंगळवार, १ ऑगस्ट

नीलमनं तिसऱ्या चौकटीत स्वतःचा फोटो टाकला. मला कौतुकानं दाखवला. मी म्हटलं, नको टाकूस. का, ताई? मग आवाज खाली आणून ती म्हणाली, सरांनी सांगितलंय तुम्ही श्रीपेरुंबुदूरला चाललात, घरी कळू द्यायचं नाहीये, मी कुणाला सांगणार नाही.

गुरुवार, ३ ऑगस्ट

चहावाल्यानं विचारलं. नवीन का?

मांबळम स्टेशनवर तिकीट तपासनिसानं पासावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाला, हा फोटो तुमचा नाही. मी म्हटलं माझाच. मागच्यांनी मध्ये पडून सोडवलं.

आरशात मी तशीच आहे. आहे ना?

शुक्रवार, ४ ऑगस्ट

अण्णाला बीच स्टेशनच्या बाकावर गाठलं. सगळं विचारलं. त्यानं नाकारलंच नाही. मला वाटलं होतं, नाकारेल.

म्हणाला, जो माणूस आणतो त्याची चौकट पक्की राहते. सरांच्याही आधीपासून असंच आहे. जो आणतो आणि जो टंकतो त्यांनाच फक्त आठवतं. म्हणजे तेव्हा ‘कोण?’ विचारलं ते सोंग होतं. सौम्याला त्यानंच आणलं होतं. मलाही. आता नीलमला. मी म्हटलं, मला? मी तुझी कोण आहे, अण्णा? तो म्हणाला, बघ सरोजा, मी नीट विचार करून निवडलं. जिच्या जाण्यानं कमीत कमी लोकांना लागेल अशी. तुझ्या वर्गात कुणी नव्हतं. तुला आठवणारे दोघंच, मामा आणि मामी.

हे त्यानं समजूत घालावी तसं सांगितलं.

तो कॉम्प्युटर. ती सीडी. मला किती आनंद झाला होता. आमच्या माडीवर घाम पुसत तो वायरी जोडत होता आणि अम्मा त्याला ताक देत होती, आणि तेव्हाच—

म्हणाला, तूही कोणी आण. तुझीही पक्की होईल. तुझ्या मावशीची, चिन्नम्माची, धाकटी हुशार आहे.

मी उठून पुढच्या गाडीत बसले. ती कुठली होती तेही बघितलं नाही.

मंगळवार, ८ ऑगस्ट

नीलमनं शिक्षणाची ओळ बदलली. मी तिचा हात धरला होता. तिला वाटलं मी रागावले, रडली. सरांनी मला बाहेर पाठवलं.

घरी आले. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, बाबा, मला ‘अ’ कशावर गिरवायला शिकवलंत?

वाळूवर नाही, पाटीवर नाही, एवढं त्यांनी सांगायला हवं होतं. तांदळावर. ताटात पसरलेल्या तांदळावर. ते हसले. म्हणाले, मी कुठला शिकवतो, मी बँकेतला माणूस. तू शाळेतच शिकली असशील.

कुठल्या शाळेत, बाबा?

त्यांनी अम्माकडे पाहिलं.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

ऑफिसला गेले. खालचा माणूस वर सोडेना. नीलम खाली आली. ती अजून ओळखते, टंकते ना ती. जिन्यात मला म्हणाली, ताई, सोमवारी नाव टंकायचंय आणि सरांनी काल बदललेल्या पासवर्डातलं एक चिन्ह कीबोर्डवर सापडत नाही. कागदावर लिहून दाखवला. अख्खा. तिच्या मनात काही नाही. माझ्याही मनात नव्हतं.

मी ते चिन्ह दाखवलं. पासवर्ड पाठ झाला.

शनिवार, १२ ऑगस्ट

दुसरी चौकट. तरुणची. तिथं कुणाचंही नाव टाकता येईल.

माझं टाकलं तर मी राहीन. तो जाईल. आत्याला मुलगा नव्हता असं होईल. आणि मी रोज त्याच्याच जागी बसेन, आणि मला सगळं आठवत राहील, आणि पुढं कधी मीही कुणाच्या घरी कॉम्प्युटर घेऊन—

नाही. माझं नाही.

सौम्याचं. तरुण तरीही जाईल, ते माझ्या माथी. पण सौम्याचं नाव मी काढलं होतं, ते मीच परत लिहिणार. मी राहीन न राहीन.

पण माझ्या जागी नीलम येईल, आणि पुढची पाळी तिची. तिला सांगायचं. ओरडून सांगायचं. तीन चौकटींतलं खरं काय ते, ऐको न ऐको, आधी तिला—

रविवार, १३ ऑगस्ट

तरुण आलाय. बाहेर जेवतोय. अम्मानं त्याला विचारलं, ही आतल्या खोलीतली मुलगी कोण? मला ऐकू आलं. तो म्हणाला, माझ्या ऑफिसातली आहे, मामी. चार दिवस राहील, मग जाईल.

चार दिवससुद्धा खोटं.

बाबा आत आले. दारावर टकटक करून. ही वही उघडी होती. अक्षर बघून म्हणाले, सुंदर आहे हो तुमचं अक्षर. आमच्याकडे इतकं शुद्ध मराठी आता कोणी लिहीत नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?

तुम्हाला.

मी सांगितलं, माझ्या वडिलांनी. ते म्हणाले, भाग्यवान माणूस. आणि दार हलकेच ओढून घेऊन गेले.

साइटवर माझं नाव अजून आहे. उद्या नीलम येईपर्यंत तरी आहे. ते पान ऑफिसातूनच बदलता येतं; खालचा माणूस दुकान उघडतो तेव्हा जिना मोकळा असतो, तेवढ्यात वर जायचं. दुसरी चौकट. सौम्याचं नाव. मग जिन्यात थांबून नीलमला. बाहेर तरुण ताक मागतोय, अम्मा हसतेय त्याच्याशी. स्पष्ट लिहिते, म्हणजे विसरले तरी वाचता येईल: मी हे करणार आहे, दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मी स्वतः, सोमवारी, चौदा ऑगस्टला, सकाळी, नीलम यायच्या आत—