मागं सरल्याशिवाय टक्कर न्हाई

आबा, तुमाला वाचता येत न्हवतं, म्हणून तुमी असताना कधी लिहिलं न्हाई. मी तरी कुठं लय शिकले, चौथीत शाळा सुटली. पण आज पोटात मावंना, म्हणून लिहायलेय.

राणीसावरगावला मेंढरं वाड्यात कोंडली की तुमी हातपाय धुवून घरात यायचात. मी दारामागं टपूनच असायचे. तुमी घोंगडं पांघरून गुडघ्यावर बसलात की झालात एडका, आणि समोर मी दुसरा. आई चुलीपुढून बोंबलायची, भाकरीत माती पडायलीय म्हणून. एकदा चुलती दारातूनच म्हणली, पोरीला टकरा शिकवायलाव, उद्या सासूला मारंल. तुमी घोंगड्यातूनच म्हणलात, "मग सासूला सांगून ठेवा, हुशार राहा म्हणावं." पण एका गोष्टीत तुमी कधी सूट दिली न्हाई. मी जागेवरून ढुसणी दिली की कान धरायचात. एडका आधी मागं सरतो, मग धावून येतो. मला पहिल्यापासून घाई, मी रागानं रडायचे. तरी तुमी हलायचात न्हाई.

तुमी गेलात आणि मग माझं पोरगं झालं. त्याचा बाप ट्रकवर, महिना महिना घरी न्हाई. म्हणून गंगाखेडच्या ह्या दीड खोलीत मीच एडका झाले, तुमचंच घोंगडं घेऊन. आता त्याला चार वर्षांची पोरगी हाय. ती हौदावरून पडली आणि पाय मोडला. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणले हाड जुळलंय, आता चालवा. पण ती पाय टेकवंना. कडेवर घ्या, न्हाईतर एका पायावर खाट धरून उभी. मी गोडीनं सांगितलं, बिस्कीट दाखवलं, मग दरडावलं. शेवटी अंगणात तशीच उभी करून आत निघून आले, तर तिनं अशी बोंब ठोकली की अर्धी गल्ली गोळा झाली. सून रात्रंदिवस एकच म्हणायची, पोरगी अशीच अधू ऱ्हायली तर?

परवा पोरगा कारखान्यावरून पाळी करून आला. चहासुद्धा घेतला न्हाई. घोंगडं काढलं, पांघरलं आणि बसला गुडघ्यावर. मला वाटलं, आता हे काय येडेपण. पोरगी खाट धरून हसायली आणि तिथूनच वाकून त्याला ढुसणी दिली.

"असं न्हाई चालत," तो म्हणला. "आधी मागं सर."

"तूच ये ना इकडं."

"मागं सरल्याशिवाय टक्कर न्हाई."

पोरगी चिडली. नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. लेकराला छळू नको म्हणायला मी उठायलेच होते, तर सुनेनं माझा हात धरला. पोरगा जागचा हलंना. पोरीनं खाट सोडली. पाय टेकवला, तोंड वाकडं केलं, आणि सरली मागं. अजून सरली. पार भिंतीला पाठ लागेपर्यंत. आणि मग अशी आली आबा, की एडका घोंगड्यासकट उताणा. डब्यांची उतरंड त्याच्या अंगावर. पोरगी त्याला वलांडून माझ्याकडं आली, चालत, आणि म्हणली, "आज्जी, मेला गं एडका." सून पदरात तोंड घालून रडायली. मी डबे उचलायले, कारण मला दुसरं काय करावं ते सुचंना.

दोन दिवस मी गल्लीत घरोघरी सांगत फिरायलेय. शेजारीण म्हणली, डॉक्टरच्या हाताला गुण आला. मी म्हणलं, डॉक्टरनं हाड जुळवलं असंल, चालवली माझ्या लेकानं, आणि हे औषध माझ्या बापाचं. सगळ्या गल्लीला सांगितलं. त्याला मात्र न्हाई. त्या दिवशी तो घाम पुसत माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी म्हणंन म्हणून. मी म्हणले, घोंगडं झटकून ठेव.

तुमाला हा कागद पोचायचा न्हाई, हे मला कळतं. मी तो गादीखाली ठेवायलेय. सकाळी गादी पोरगाच उचलतो.